सेन्सर बदलण्याआधी

इंजिनाचा पिवळा दिवा लागला, गाडी गॅरेजला नेली, स्कॅनर लावला आणि दोन मिनिटांत निकाल मिळाला: ‘सेन्सर गेला, बदलावा लागेल.’ जळगाव-धुळ्याकडच्या गाडीमालकांना हा अनुभव नवा नाही. नवा सेन्सर बसतो, बिल होतं आणि आठवड्याभरात तोच दिवा पुन्हा लागतो. कारण बिघाड सेन्सरमध्ये नव्हताच. तो कपलरमधल्या हिरव्या पडलेल्या पिनेत होता, उंदराने कुरतडलेल्या वायरीत होता किंवा सैल झालेल्या अर्थिंगमध्ये होता. म्हणून माझा आग्रह एकच आहे: सेन्सर दोषी आहे हे मोजून सिद्ध झाल्याशिवाय तो विकत घेऊ नका. हे मोजणं घरच्या घरी जमण्यासारखं आहे. त्याला एक साधा डिजिटल मल्टिमीटर, मोबाइलला जोडता येणारा लहान ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर आणि तासाभराचा निवांतपणा पुरतो.

आधी दिव्याबद्दल. पिवळा दिवा स्थिर लागलेला असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर घाबरून रस्त्यात थांबायचं कारण नाही. सावकाश घरी किंवा गॅरेजपर्यंत जाता येतं. तोच दिवा उघडझाप करत असेल, तर इंजिन मिसिंग मारतंय आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतंय. कन्व्हर्टर हा महागडा भाग आहे आणि तो अशा वेळी फार लवकर खराब होतो. ॲक्सिलरेटर सोडा, गाडी बाजूला घ्या. लाल दिवा, मग तो ऑइलचा असो वा तापमानाचा, लागला की इंजिन तिथल्या तिथे बंद. महामार्गावर अडकलात तर गाडी डांबराच्या कडेबाहेर काढा, हजार्ड लावा, त्रिकोण मागे ठेवा आणि १०३३ या राष्ट्रीय महामार्ग हेल्पलाइनला फोन करा. धुळे ते जळगाव अंतर नव्वदेक किलोमीटरचंच आहे, पण पारोळा-एरंडोलच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात भर दुपारी बोनेट उघडून उभं राहणं किती त्रासाचं असतं, ते त्या रस्त्याने जाणाऱ्यांना माहीत आहे.

खान्देशात वायरिंगचे बिघाड जास्त का होतात, याचं उत्तर हवेत आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या घरात जातो, आणि तापलेल्या रस्त्यावर उभ्या गाडीच्या बोनेटखाली त्याहून कितीतरी जास्त उष्णता कोंडते. अशा दोन-चार उन्हाळ्यांत कपलरचं प्लास्टिक ठिसूळ होतं, त्याची लॉकची जीभ तुटते, वायरीचं आवरण कडक होऊन चिरा पडतात. पहिल्या पावसात त्या चिरांतून पाणी शिरतं. त्यातच काळ्या मातीच्या रस्त्यांची बारीक धूळ आणि कापसाच्या हंगामात हवेत उडणारे तंतू एअर फिल्टरवर बसतात. गाडी कापसाच्या गंजीजवळ किंवा गोठ्याशेजारी लावत असाल तर उंदीर हमखास बोनेटखाली मुक्कामाला येतो. वॉशिंग सेंटरवर इंजिनावर जोराने मारलेलं पाणी हे आणखी एक कारण. गाडी धुऊन आणल्यावर त्याच दिवशी दिवा लागला असेल, तर कपलर उघडून सुकवण्यापलीकडे बहुधा काहीच करावं लागत नाही.

आता कोड. देशभर १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. या काळातल्या गाड्यांत स्टिअरिंगखाली डाव्या-उजव्या बाजूला सोळा पिनांचं ओबीडी सॉकेट सापडेल. स्कॅनर तिथे लावा, इग्निशन ऑन करा आणि कोड वाचा. वाचलेला कोड लगेच पुसू नका. आधी कागदावर लिहा किंवा मोबाइलमध्ये त्याचा फोटो घ्या. कोडबरोबर ‘फ्रीझ फ्रेम’ नावाची नोंद असते. दिवा लागला त्या क्षणी इंजिनाचं तापमान किती होतं, आरपीएम किती, गाडीचा वेग किती, हे सगळं तिच्यात असतं. कोड पुसला की ही नोंदही जाते, आणि मग मेकॅनिकला अंदाजावर काम करावं लागतं. बॅटरीची वायर काढून दिवा घालवायची जुनी सवयही याच कारणाने टाळा.

कोडमध्ये सेन्सरचं नाव दिसलं म्हणून तो सेन्सर खराब, असा अर्थ होत नाही. त्या सेन्सरच्या सर्किटमधून आलेला आकडा ईसीएमला पटला नाही, एवढंच कोड सांगतो. (ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा संगणक.) सर्किट म्हणजे सेन्सर, त्याचा कपलर, तिथून ईसीएमपर्यंतच्या वायरी, पाच व्होल्टचा पुरवठा आणि अर्थ. कोडची शब्दरचना नीट वाचली तर यातला कुठला भाग तपासायचा तेही कळतं. उदाहरणार्थ कूलंटच्या तापमानाचे तीन कोड पाहा. पी ०११८ म्हणजे ‘हाय इनपुट’: वायर तुटली किंवा कपलर निघाला. पी ०११७ म्हणजे ‘लो इनपुट’: सिग्नलची वायर कुठेतरी बॉडीला टेकून शॉर्ट झाली, किंवा सेन्सर आतून शॉर्ट आहे. पी ०११६ म्हणजे आकडा येतोय, पण तो परिस्थितीशी जुळत नाही. इनटेक हवेच्या तापमानाचा पी ०११३ सुद्धा ‘हाय इनपुट’ आहे, आणि एअर फिल्टर बदलल्यावर तो आला असेल तर फिल्टरच्या डब्याजवळचा कपलर परत लावायचा राहिला असण्याची शक्यता सर्वांत मोठी.

सेन्सर मोजायला घेण्याआधी बॅटरी आणि अर्थ पाहून घ्या, कारण यांच्यामुळे निर्दोष सेन्सरही चुकीचं बोलतो. इंजिन बंद असताना बॅटरी १२.४ ते १२.७ व्होल्ट, इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.७. मग मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटीला आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूला लावा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.२ व्होल्टच्या बराच वर गेला तर इंजिनाची अर्थ पट्टी गंजली आहे किंवा तिचा बोल्ट सैल आहे. तो उघडून, घासून, घट्ट केला की एकाच वेळी आलेले तीन-चार असंबद्ध कोड नाहीसे झालेले पाहायला मिळतात.

कूलंटच्या तापमानाच्या सेन्सरवर मी जरा जास्त थांबतो. खान्देशातल्या उन्हाळ्यात इंजिन वाचवणारा किंवा बुडवणारा सेन्सर हाच आहे, आणि त्याची तपासणी एकदा समजली की बाकीच्या तपासण्यांची रीत आपोआप कळते. हा आतून थर्मिस्टर असतो. तापमान वाढलं की त्याचा रोध कमी होतो. सर्किट तुटलं तर बऱ्याच गाड्यांत स्कॅनरवर उणे ४० अंश दिसतं, दिवा लागतो आणि ईसीएम सावधगिरी म्हणून रेडिएटरचा फॅन सतत फिरवत ठेवतो. हा बिघाड निदान ओरडून सांगतो तरी. धोका दुसऱ्या प्रकारात आहे: सेन्सर पूर्ण न मरता खोटं बोलायला लागतो. इंजिन ९५ अंशांवर आणि सेन्सर सांगतोय ७०. दिवा लागत नाही. पेट्रोल जास्त जातं, ॲव्हरेज पडतं, आणि फॅन ज्या वेळी लागायला हवा त्या वेळी लागत नाही. मे महिन्यात एसी लावून जळगावच्या गर्दीत अडकलेल्या गाडीचं हेड गॅस्केट असंच उडतं.

हे खोटं पकडायची उत्तम वेळ म्हणजे पहाट. गाडी रात्रभर सावलीत किंवा उघड्यावर उभी राहू द्या. सकाळी सेल्फ न मारता नुसतं इग्निशन ऑन करा आणि स्कॅनरवर दोन आकडे पाहा: कूलंटचं तापमान आणि इनटेक हवेचं तापमान. दोन्ही एकमेकांच्या पाच अंशांच्या आत आणि बाहेरच्या हवेच्या जवळपास असायला हवेत. धुळ्यात जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या खाली जातो. तेव्हा कूलंट ३५ दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याचं सर्किट नक्की चुकतंय. मग इंजिन चालू करून आकडा कसा चढतो ते पाहा. तो न अडखळता चढायला हवा. मध्येच ६० वरून एकदम २० वर उडी मारून परत आला, तर कपलरची पिन सैल आहे; इंजिन चालू असताना वायर हलक्या हाताने हलवून बघा, पण फॅन आणि पट्ट्यापासून हात दूर ठेवा.

आकडा चुकीचा आहे हे ठरलं, आता दोष कुणाचा ते ठरवायचं. इग्निशन बंद करून दोन पिनांच्या कूलंट सेन्सरचा कपलर काढा आणि इग्निशन पुन्हा ऑन करा. स्कॅनरवर उणे ४० च्या आसपास यायला हवं. मग वायरीच्या बाजूच्या कपलरमधल्या दोन पिना एका छोट्या वायरीने जोडा. आता आकडा १३० किंवा त्याहून वर उडायला हवा. दोन्ही गोष्टी घडल्या तर वायरिंग आणि ईसीएम ठीक आहेत, दोष सेन्सरचा. एकही आकडा हलला नाही तर नवा सेन्सर आणूनही काही उपयोग नाही, वायर शोधा. एक सक्त सूचना: पिना जोडायची ही युक्ती फक्त दोन पिनांच्या तापमान सेन्सरसाठी आहे. तीन पिनांच्या सेन्सरमध्ये पाच व्होल्टची लाइन असते, ती शॉर्ट केली तर ईसीएमला इजा होऊ शकते.

सेन्सर काढलाच तर त्याला घरीच तपासा. स्टीलच्या पेल्यात गरम पाणी, त्यात थर्मामीटर, सेन्सरचं फक्त धातूचं टोक पाण्यात आणि मीटर ओहमवर. बॉश पद्धतीच्या अनेक सेन्सरांत २० अंशांना सुमारे २,५०० ओहम, ८० अंशांना सव्वातीनशेच्या आसपास आणि १०० अंशांना १८५ च्या जवळ रोध मिळतो. तुमच्या गाडीचा नेमका तक्ता वेगळा असू शकतो, पण पाणी थंड होत जाईल तसा आकडा सलग वाढत गेला पाहिजे. सेन्सर काढताना इंजिन पूर्ण थंड हवं. गरम इंजिनाच्या कूलंटने हात गंभीर भाजतो. नवा बसवल्यावर कूलंट भरा आणि सिस्टिममधली हवा काढा, नाहीतर हवेच्या बुडबुड्यामुळे नवा सेन्सरही चुकीचं दाखवेल.

दुसरी मोठी तक्रार आपल्याकडे उन्हाळ्यातच ऐकू येते. धुळ्याकडचा माणूस अहिराणीत सांगतो, ‘गाडी तपनी का बंद पडी जास.’ चांगली पळणारी गाडी अचानक बंद पडते, सेल्फ फिरतो पण गाडी घेत नाही, आणि अर्ध्या तासाने काही न करता सुरू होते. पेट्रोल पंपाची मोटर हे एक कारण असू शकतं, पण पहिला संशय क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सरवर घ्यावा. कोड आला तर तो बहुधा पी ०३३५ असतो. या सेन्सरच्या आतली बारीक तारेची गुंडाळी तापल्यावर फुगते, तुटलेलं टोक सुटतं. थंड झाली की परत टेकते. म्हणून गॅरेजमध्ये थंड गाडीवर तपासलं तर सगळं ठीक दिसतं आणि मालकावरच अविश्वास दाखवला जातो.

पुरावा गाडी बंद पडलेली असतानाच मिळतो. स्कॅनर गाडीत ठेवा. बंद पडली की स्कॅनरवर आरपीएम लावून सेल्फ मारा. दीडशे ते तीनशेच्या दरम्यान आरपीएम दिसला तर क्रँक सेन्सर काम करतोय, दुसरीकडे शोधा. सेल्फ जोरात फिरत असून आरपीएम शून्य असेल, तर सिग्नल येत नाही. घरी आल्यावर दोन वायरींच्या सेन्सरचा रोध थंड असताना आणि केस वाळवण्याच्या ड्रायरने तापवल्यावर मोजा. बहुतेकांत तो काहीशे ओहमपासून हजारभर ओहमपर्यंत असतो, आणि तापल्यावर एकदम अनंत झाला तर निकाल लागला. तीन वायरींचा हॉल पद्धतीचा सेन्सर ओहमवर तपासू नका. त्याचा पुरवठा, अर्थ आणि सिग्नलचं व्होल्टेज पाहावं लागतं. काढलेल्या सेन्सरच्या चुंबकी टोकावर लोखंडाचा बारीक चुरा चिकटलेला असेल तर तो पुसा. कधी कधी तेवढ्यावरच भागतं. आणि पी ००१६ सारखा कोड असेल, म्हणजे क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नाही अशी तक्रार असेल, तर दोन्ही सेन्सर बदलण्याआधी टायमिंग चेनचा ढिलेपणा तपासून घ्या.

हवेचा दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरची तपासणी सर्वांत सोपी, आणि तिच्यासाठी आपल्या गावाची उंची माहीत असली की झालं. जळगाव आणि धुळे दोन्ही समुद्रसपाटीपासून साधारण दोनशे ते अडीचशे मीटरवर आहेत. इंजिन बंद, इग्निशन ऑन असताना मॅपचं रीडिंग ९७ ते ९९ किलोपास्कलच्या आसपास यायला हवं. ८५ दाखवत असेल तर सेन्सर चुकतोय. गरम इंजिन आयडलवर असताना ते ३० ते ४० च्या दरम्यान उतरतं. ५० च्या वर राहिलं तर आधी फाटलेली व्हॅक्यूम नळी शोधा.

ज्या गाड्यांत मॅपऐवजी एअर फ्लो सेन्सर असतो तिथे खरा शत्रू आपली धूळ. पिकअप गेला, डिझेल गाडी काळा धूर मारतेय, कोड पी ०१०१ आहे, तर आधी एअर फिल्टर आणि त्याचा डबा बघा. स्वस्तातला फिल्टर डब्याच्या कडेला नीट बसत नाही आणि धूळ फटीतून थेट सेन्सरच्या तारेवर जाते. साफ करायला त्याच कामाचा एअर फ्लो सेन्सर क्लीनर वापरा. कार्ब्युरेटर क्लीनर, कापड, ब्रश, कॉम्प्रेसरची हवा यांपैकी काहीही त्या तारेजवळ नेऊ नका. फवारा मारून पूर्ण सुकू द्या आणि मगच लावा.

ऑक्सिजन सेन्सरवर सर्वांत जास्त पैसे वाया जातात असं माझं मत आहे. बॉशने १९७६ मध्ये हा सेन्सर पहिल्यांदा व्होल्व्हो गाडीत आणला, आणि तेव्हापासून त्याचं काम तेच आहे: धुरात ऑक्सिजन किती उरला ते सांगणं. तो निरोप्या आहे. पी ०१७१, म्हणजे मिश्रण पातळ, असा कोड आला तर बऱ्याचदा इनटेकची गळती, चोंदलेला इंजेक्टर किंवा कमी दाबाचा पंप असतो आणि सेन्सर खरं तेच सांगत असतो. साधा सेन्सर गरम झाल्यावर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वर-खाली होतो. तो एका जागी गोठला तरच संशय घ्या. स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीएम इंधनात करत असलेली दुरुस्ती, अधिक-उणे दहा टक्क्यांच्या आत असेल तर घाई नको. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर जुन्या गाडीचा ट्रिम थोडा अधिककडे सरकलेला दिसेल, कारण इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन आहे. बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाडीत आधी किटवाल्याने इंजेक्टरच्या वायरींना मारलेले जोड उघडून बघा. गाडी पेट्रोलवर ठीक आणि गॅसवर दिवा, असं असेल तर काम किटच्या ट्यूनिंगचं आहे.

केळी आणि कापूस वाहणाऱ्या डिझेल पिकअपच्या मालकांसाठी एकच गोष्ट ठामपणे सांगतो. रेल प्रेशरचा कोड पी ००८७ हा सेन्सरपेक्षा डिझेल फिल्टर चोंदल्यामुळे जास्त येतो, म्हणून फिल्टर आधी बदला. इंजिन चालू असताना कॉमन रेलचा कुठलाही नट सैल करू नका. आत हजार बारच्या पुढचा दाब असू शकतो आणि त्या धारेने कातडी फाडून डिझेल शरीरात शिरतं. हे काम पंपवाल्याकडेच द्या.

एकदम बरेच सेन्सर ‘गेले’ असं स्कॅनर सांगत असेल तर पाच व्होल्टची सामायिक लाइन तपासा. त्या लाइनवर पाच व्होल्ट मिळत नसतील तर एकेक सेन्सरचा कपलर काढत जा. जो काढल्यावर पाच व्होल्ट परत आले, तो किंवा त्याची वायर दोषी.

वायर दुरुस्त करताना पीळ देऊन टेप गुंडाळू नका, आपल्या उन्हात त्या टेपचा डिंक वितळून जातो. त्याच जाडीची वायर घ्या, सोल्डर करा, वर हीट श्रिंक नळी चढवा. क्रँक सेन्सरच्या वायरींना पीळ असेल तर तो तसाच ठेवा, नाहीतर सिग्नलमध्ये गडबड होते. तपासताना वायरीत सुई टोचायची सवय वायरमन मंडळींनी सोडावी अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्या भोकातून पावसाळ्यात पाणी जातं आणि सहा महिन्यांनी तिथे तांबं हिरवं होतं. कपलरच्या मागच्या बाजूने पिनेपर्यंत पोचता येतं.

सेन्सर घ्यायचाच झाला तर जुन्यावर छापलेला पार्ट नंबर दुकानात दाखवा, नवा त्याच नंबरचा घ्या, बिल घ्या आणि जुना सेन्सर गॅरेजमधून परत मागून घ्या. क्रँक आणि ऑक्सिजन सेन्सरच्या बाबतीत लोकल माल टाळाच. काही गाड्यांत नवा क्रँक सेन्सर किंवा थ्रॉटल बॉडी बसवल्यावर स्कॅनरने ‘रीलर्न’ करावं लागतं. बसवणाऱ्याकडे ती सोय आहे का, ते आधीच विचारा.

आता कोड पुसा आणि गाडी चालवा. थंड इंजिनापासून सुरुवात, थोडी शहरातली गर्दी, मग मोकळ्या रस्त्यावर वीस-तीस किलोमीटर एकसारख्या वेगाने. जळगावकरांना पाळधी-एरंडोलची फेरी आणि धुळेकरांना फागणे-मुकटीचा रस्ता यासाठी सोयीचा आहे. परत आल्यावर स्कॅनरमध्ये ‘पेंडिंग’ कोडचं पान उघडा. दिवा लागायच्या आधी बिघाडाची पहिली नोंद तिथे पडते. ते पान रिकामं असेल आणि ‘रेडिनेस’च्या चाचण्या पूर्ण झाल्या असतील तर दुरुस्ती बरोबर झाली. तोच कोड पुन्हा दिसला, तर लिहून ठेवलेली पहिली फ्रीझ फ्रेम आणि ही नवी शेजारी ठेवून वाचा आणि त्याच तापमानाला, त्याच वेगाला वायर हलवून, मोजून तपासणी पुन्हा करा.